शिटी वाजवल्यावर

आज शाळेच्या मैदानावर कोणीतरी फक्कीच्या रेषा ओढत होतं. त्या चुन्याचा कोरडा वास नाकात गेला आणि मला सिहोऱ्याचा तो फुटबॉलचा अंतिम सामना आठवला. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीतच मैदान केलं होतं. धावताना बुटांखाली धसकटं करकर मोडत होती. ठरलेला पंच आला नाही, म्हणून शिटी माझ्या हातात दिली. आमच्या गावाकडून माझा धाकटा भाऊ प्रकाश खेळत होता, तरी समोरच्यांनी हरकत घेतली नाही.

शेवटच्या मिनिटाला प्रकाशने बरोबरीचा गोल केला. आमची माणसं नाचत मैदानात आली. पण चेंडू त्याच्या हाताला लागलेला मी पाहिला होता. मी शिटी वाजवली आणि गोल नाकारला.

प्रकाशने वाद घातला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, कोनालेच नाही दिसलं. तुलेच काहून दिसलं?"

"मी पंच आहो," एवढं बोलून मी पाठ फिरवली.

गावची पोरं मला न घेताच ट्रॅक्टरवर निघून गेली. मी नहराच्या पाळीवरून, पाण्याच्या कडेकडेने एकटाच घरी आलो. खरेपणाने वागलो म्हणून एकटा पडलो, असं तेव्हा वाटलं. त्याचा थोडा अभिमानही वाटला. निर्णय मी आजही तोच देईन. पण प्रकाशने हात लागल्याचं नाकारलं नव्हतं; 'दादा' म्हणून तो ते माझ्याजवळ कबूलच करत होता, आणि माझ्याशिवाय तो ते कोणाजवळ बोलू शकणार होता?

प्रकाश आता साकोलीला असतो. सणाला येतो, धानापाण्याचं विचारतो आणि जेवण झालं की निघतो.