चाळीमागच्या किड्यांची पुढारीण

परळच्या त्या दुमजली चाळीत गिरणीच्या भोंग्याआधी कौसल्याबाईचा आवाज उठायचा. नवरा भिवा गिरणीत रिंग खात्यात, आणि ही घरी. पण घरी कधी सापडायची नाही. शाळा दुसरीपर्यंत. पुढचं शिक्षण सभांत, भिंतींवरच्या पत्रकांत आणि पोलिसांच्या शिव्या ऐकण्यात झालेलं. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, तेव्हापासून मान आणखी ताठ. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला की चाळीतल्या बायका तिच्यामागे चालू लागत. कुठे, का, हे वाटेत विचारत.

चाळीमागे परसू होतं. बायका तिथे भाजीची देठं, सालं, पिंपळाची पानं टाकत आणि त्या ढिगाशेजारी अळू लावत. ढीग आपोआप कुजायचा, जिरायचा. कसा, ते कुणी विचारलं नव्हतं. विटा उचलल्या की खाली राखी, चपटे, पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचं कवच असलेले किडे सैरावैरा पळत. त्यांना कुणी धड नावही दिलं नव्हतं. एक दिवस त्यातले दोन शेजारच्या रमाबाईच्या पिठाच्या डब्यात निघाले आणि तिने चाळ डोक्यावर घेतली.

"कौसा, तुझ्या राज्यात आमी किडं खायाचं काय गो?"

झालं. कौसल्याबाईने मोर्चा काढला. वॉर्ड ऑफिसच्या दारात बायका बसवल्या आणि औषधाची पावडर घेऊनच उठली. परसू पांढरं झालं. चाळीत गूळ वाटला.

आणि महिन्याभरात ढीग जिरायचा थांबला. सालांचा चिकट लगदा झाला, माश्या घोंगावू लागल्या, वरच्या मजल्यावर जेवताना नाकाला पदर. चाळमालकाचा मुनीम हीच संधी शोधत होता. रुमाल नाकाला लावून तो परसवात उभा राहिला.

"बाई, आता शहाबादी फरशी टाकणार. वर कोळशाचं गुदाम. होळी झाली की गवंडी येतील."

"आणि वास गेला तर?"

"तर गवंडी मी परत नेईन!" म्हणाला आणि सगळ्यांसमोर हसला.

ते हसणं तिच्या काळजात रुतलं. परसू गेलं तर बायकांना अळू नाही, वाळवणाला जागा नाही, सभेला बसायला चार हात जमीन नाही. आणि घालवणारी कोण? पावडर आणणारी तीच!

ती दुपारभर ढिगापुढे उकिडवी बसली. मग नळाच्या कोपऱ्यातला फुटका पाटा उचलला. पावडर तिथवर पोचली नव्हती. खाली ओल, आणि ओलीत गजबज. ते राखी किडे पानांना भिडलेले. पानाची जाळी उरलेली, मांस फस्त. काळा वाणी किडा लाटेसारखे पाय हलवत चाललेला. तिळाहून बारीक पांढरे जीव उड्या मारत होते, आणि या सगळ्यांत दबा धरून एक गोम. एक राखी किडा तिने काडीने उलटा केला. पोटाखाली पांढरी पिशवी, पिशवीत वळवळती पिल्लं. तिने त्याला हळूच सुलटा केला.

"भिवा, ढीग हे खात होते रे! आपल्याच माणसांवर मी लाठी चालवली."

"मग आता त्यांची माफी माग," गिरणीतून आलेला भिवा म्हणाला.

"माफी गेली चुलीत. भरती करते."

मूठभर किडे तिने ढिगावर सोडले. सकाळी सगळे पाय वर करून पडलेले. पावडर अजून मातीत होती. तिने कुदळ घेतली, रमाबाईच्या हातात घमेलं दिलं. पांढरी माती वीतभर खरवडून कचऱ्याच्या गाडीत घातली, ढीग नव्याने रचला, वर ओलं गोणपाट अंथरलं. मग झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेला डालड्याचा डबा घेऊन रे रोडच्या लाकडाच्या वखारी गाठल्या. कुजक्या ओंडक्यांखाली घबाड होतं.

परतताना काळाचौकीपाशी हवालदाराने अडवलं. दिवस धरपकडीचे.

"डब्यात काय?"

"सत्याग्रही."

"बाई, चेष्टा नको. उघडा."

"उघडते. पण पळाले तर धरायचे तुम्ही."

झाकण निघालं आणि गोम सरळ हवालदाराच्या मनगटावर. त्याने असा हात झटकला की डबा रस्त्यात. वखारीतल्या किड्यांत गोळी होणारेही होते; ते डांबरावरून घरंगळत सुटले.

"बघा, लाठी दिसली की कसे अंग चोरतात! वेचा आता. एक जरी कमी भरला तर चौकीसमोर बसते."

ती बसते, हे चौकीला माहीत होतं. हवालदाराबरोबरच्या दोघा शिपायांनी ओणवं होऊन वेचले.

ढिगाने आठवडाभर छळलं. मग खाली बसू लागला. राखी आणि वाणी पानं कातरत, उरलेला भुगा ते उड्या मारणारे बारके संपवत, गांडुळं तो खाली ओढत. गोमा माश्यांच्या अळ्यांवर तुटून पडल्या. कौसल्याबाई गोणपाट सुकू द्यायची नाही. ओल गेली की हे राखी लोक मरतात, हे तिने बघून ठेवलं होतं.

होळीची राख निवते तोच मुनीम गवंडी आणि फरश्यांसकट हजर. रुमाल नाकाला. बायका गॅलरीत दाटलेल्या.

"रुमाल काढा, मुनीमजी."

काढला. हुंगलं. पुन्हा हुंगलं. वास नव्हता. तिने ढिगात हात घालून काळीभोर, मोकळी माती त्याच्या नाकापुढे धरली. मातीतून एक राखी गडी वर आला आणि त्याच्याकडे मिशा हलवू लागला. मुनीम मागे सरकताना फरशीच्या थप्पीवर आपटला. अख्खी चाळ खदखदली.

"ही माती मला घमेलंभर द्याल का, बाई?" म्हातारा गवंडी म्हणाला. "घरी कुंडी आहे."

"आधी फरशी उचला. मुनीमजींनी सगळ्यांसमोर शब्द दिलाय."

उचलली! एक-एक फरशी पाठीवर घेऊन गवंडी बाहेर पडले, सगळ्यांत मागे मुनीम, हात रिकामे. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या चाळीतल्या दोन बायका डबे घेऊन दारात उभ्या.

"कौसाबाई, थोडे किडे मिळतील?"

"मिळतील की!" तिने पदर खोचला. "पण कुदळ आणलीत का? पावडर तुमच्याकडेही पडलीय. चला, मी येते."