विषाची चटणी

अंधेरीहून वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भातशेतांच्या कडेला आमचं गावठाण होतं. पन्नास-साठ घरं, सगळी आम्हा ख्रिस्ती लोकांची. घरात बोलणं मराठी, देवळात प्रार्थना लॅटिन. गाव संपतं तिथे एका पारशाचा बंगला होता. मालक कधीच निघून गेला होता आणि आवारात कमरेइतकं गवत माजलं होतं. तिथल्या विहिरीजवळ एक उंच झाड होतं. पावसाळ्यात त्याला हिरवी, पेरूपेक्षा मोठी, देठाकडे निमुळती फळं धरायची. पिकली की खाली पडायची आणि काळी होऊन सडायची. त्यांना कोणी हात लावत नसे. आमच्या शेजारणीच्या दोन शेळ्या एकदा कुंपणातून आत शिरल्या, त्या झाडाची खाली आलेली फांदी त्यांनी ओरबाडून खाल्ली आणि दोन दिवसांत दोन्ही मेल्या. तेव्हापासून ते विषाचं झाड. आम्हा मुलांना आईबाप दम देताना भुताचं नाव घेत नसत, त्या झाडाचं घेत.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. घरात आई, बाबा, माझे दोन मोठे भाऊ आणि काकी. काका बोटीवर इंजिनखात्यात होते, दहा-अकरा महिन्यांनी एकदा घरी यायचे. काकी तेवीस-चोवीस वर्षांची असेल. तिला एक मुलगी झाली होती, वर्षाची होऊन दोन महिने झाले होते, नुकती भिंत धरून चालायला लागली होती. त्या जूनमध्ये तिला जुलाब-उलट्या लागल्या आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. काकांना तार केली, पण ते कुठल्या समुद्रात होते कोण जाणे. त्यांचं पत्र आलं तेव्हा मुलीला पुरून महिना होऊन गेला होता.

काकी रडली नाही. कामं करत राहिली. पाणी भरायची, भाकऱ्या थापायची, कोंबड्या खुराड्यात घालायची. फक्त बोलायची बंद झाली. कोणी काही विचारलं तर मान हलवायची. बायका म्हणायच्या, वेळ गेला की होईल ठीक.

ऑगस्टात एकदा तिच्या हातून दूध उतू गेलं. आई चिडली. चिडली की आईला समोर कोण आहे, आपण काय बोलतोय, याचं भान राहत नसे. ती म्हणाली, "लक्ष असतं कुठे तुझं? त्या वेळी घोटभर पाणी उकळून दिलं असतंस तर पोर जगली असती."

मी तिथेच पाटीवर पाढे लिहीत बसले होते. काकीने फडकं घेतलं आणि सांडलेलं दूध पुसलं. पुसून झाल्यावरही ती ती जागा पुसत राहिली. मला तेवढंच आठवतं. त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा पुरता कळलाही नव्हता.

मग सप्टेंबरात मोतमावलीची जत्रा आली. जत्रेच्या रविवारी अख्खं गाव वांद्र्याला जायचं. आमचंही घर नवे कपडे घालून, मेणबत्त्या बांधून निघालं. माझ्या तळपायात दोन दिवसांपूर्वी खाडीवर कालवाची शिंपी घुसली होती, पाय सुजला होता. मला नेणं शक्य नव्हतं. काकी म्हणाली, "मी थांबते हिच्याजवळ." बऱ्याच दिवसांनी ती आपणहून एवढं बोलली, म्हणून आईला बरं वाटलं.

सगळे गेल्यावर गाव असं रिकामं झालं की कोंबड्यांच्या नख्यांचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला. मी ओटीवर गोधडीवर पडले होते. काकी मागच्या दाराने कुठेतरी जाऊन आली, येताना पदराखाली काहीतरी होतं. तिने अंघोळ केली. देवळात जायची निळी साडी नेसली. माझ्या पायाची पट्टी बदलली, केस विंचरून दिले, वेणी घातली. मग आत गेली आणि मला पाट्या-वरवंट्याचा आवाज यायला लागला.

आधी मिरचीचा वास आला. हिरव्या लवंगी मिरच्या, ज्या आमच्याकडे एखाद-दुसरी वापरत, त्यांचा असा ठसका उठला की मला ओटीवर शिंक आली. मग लसूण, मग कोथिंबीर, मग कांदा. लिंबू कापल्याचा वास आला. भाकरी भाजल्याचा आला. मला सकाळपासून नुसती पेज मिळाली होती. पोटात कावळे कोकलायला लागले.

थोड्या वेळाने काकी खोलीत गेली आणि आतून तिचा प्रार्थना पुटपुटल्याचा आवाज यायला लागला. मी एका पायावर लंगडत स्वयंपाकघरात गेले. पाटावर एकच ताटली होती. तिच्यात तांदळाची एक भाकरी आणि शेजारी पिवळसर हिरव्या चटणीचा ढीग. अशी चटणी मी कधी पाहिली नव्हती. मी भाकरीचा तुकडा मोडून बोट भरून चटणी घेतली. जीभ पोळली, नाकातून पाणी आलं, पण मिरचीच्या मागून काहीतरी मऊ, लोण्यासारखं आलं आणि ती आग झाकून टाकली. मी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, चौथा तोंडात होता तेव्हा काकी दारात आली.

ती किंचाळली नाही. तिने चौकट धरली. तिचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कोणाचा पाहिला नाही असा झाला होता.

"किती खाल्लंस?" तिने विचारलं.

मला वाटलं चोरी पकडली गेली. "चारच घास," मी म्हटलं. आणि तिचा राग जावा म्हणून पुढे म्हणाले, "फार छान झालीय. अजून आहे?"

तिने मला खाली पाडलंच म्हणा. माझं डोकं मांडीवर दाबून तिने घशात बोटं घातली. तिच्या बोटांना मिरची लागलेली होती, माझा घसा पेटला. मग मिठाचं पाणी पाजलं, पुन्हा बोटं घातली. मी रडत होते, "काकी, पुन्हा नाही खाणार, पुन्हा नाही खाणार," म्हणत होते. थोडं ओकले, पण तिचं समाधान झालं नाही. तिने मला खांद्यावर टाकलं आणि तशीच अनवाणी धावत सुटली.

गावातला दवाखाना बंद होता, डॉक्टर जत्रेला. मग ती फादरच्या घराकडे वळली. आमचे फादर स्पेनचे होते, साठी उलटलेले, गुडघे धरल्यामुळे तेही जत्रेला गेले नव्हते. मराठी पुस्तकातून शिकलेले, म्हणून बोलताना ते धड्यातल्यासारखं बोलत.

काकीने मला त्यांच्या बाकावर ठेवलं. "फादर, हिने विष खाल्लंय. बंगल्यातल्या झाडाचं फळ. काहीतरी औषध द्या."

फादर उठले. माझी नाडी पाहिली, डोळे पाहिले. "ही तर त्या झाडापर्यंत चालत जाऊ शकत नाही," माझ्या पायाकडे बघत ते म्हणाले. "हिला ते फळ कोणी दिले?"

"दिलं नाही. पाट्यावर वाटलेलं होतं. हिने उचलून खाल्लं."

"कोणी वाटले?"

"मी."

"कोणासाठी?"

काकीला धाप लागली होती, निळ्या साडीवर माझी ओकारी सांडली होती. मग ती म्हणाली, "माझ्यासाठी."

मी नऊ वर्षांची होते, पण तो शब्द मला कळला. लगेच आणि संपूर्ण कळला. मिरचीने पेटलेला घसा, रडणं, सगळं एकदम थांबलं. माझी वेणी घालून देणारी, मला छोट्या पेल्यातून पेज भरवणारी काकी आज संध्याकाळी घरात असणार नव्हती आणि तिने तसं ठरवलं होतं. आपण आता मरणार, ही भीती मला त्यानंतर वाटली. आधी वाटला तो धक्का वेगळाच होता: माणसं असं ठरवू शकतात.

फादरनी तिला एक शब्दही सुनावला नाही. "फळ कसे होते, मला सांगा," ते म्हणाले.

"हिरवं. पिकून काळपट झालेलं. आत पिवळं, लोण्यासारखं. मोठी गोल बी."

फादर तिच्याकडे बघत राहिले. मग काठी घेऊन म्हणाले, "चला. तुमच्या घरी चला."

"आधी हिला औषध—"

"हिला काही होणार नाही. चला."

त्यांना आमच्या घरापर्यंत यायला पंधरा मिनिटं लागली असतील. मला ती अख्खी दुपार वाटली. काकी मला कडेवर घेऊन दर चार पावलांवर थांबायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. स्वयंपाकघरात फादरनी कोपऱ्यातल्या साली उचलून पाहिल्या, बी हातात फिरवून पाहिली. मग काठीच्या आधाराने ते कण्हत खाली बसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीत बुडवला.

काकीने त्यांचं मनगट पकडलं. आमच्या गावात फादरला असा हात कोणी लावला नसता. त्यांनी दुसऱ्या हाताने तिची बोटं हळूच सोडवली आणि घास खाल्ला.

आम्ही दोघी बघत राहिलो. त्यांचा चेहरा लाल झाला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काकी भिंतीला टेकत टेकत खाली बसली.

"ही मिरची आहे," फादर डोळे पुसत म्हणाले. "विष नव्हे. इथे येण्यापूर्वी मी काही वर्षे मेक्सिको देशात होतो. तिथे हे झाड प्रत्येक अंगणात आहे. तिथल्या बाया अशाच दगडावर मिरची, कांदा, कोथिंबीर वाटतात आणि त्यात हे फळ घालतात. मक्याच्या भाकरीबरोबर खातात. त्याला ग्वाकामोले म्हणतात. लहान मुलांनाही देतात, मिरची कमी घालून."

"आणि शेळ्या?" काकीने विचारलं.

"शेळ्यांनी पाने खाल्ली. पाने जनावरांना बाधतात. फळ माणसाचे आहे." त्यांनी पुन्हा डोळे पुसले. "एवढी मिरची कशासाठी घातली?"

"कडू असेल वाटलं," काकी म्हणाली. "गिळवलं नसतं."

फादरनी ताटली तिच्यापुढे सरकवली. "आता माझ्यासमोर जेवा."

तिने एक घास घेतला. चावत असताना ती रडायला लागली. तोंडात घास, नाक वाहतंय आणि छातीतून असा आवाज येत होता की मी कान झाकून घेतले. जूनपासूनचं सगळं त्या वेळी बाहेर आलं. फादर उठले नाहीत, तिला गप्प करायलाही गेले नाहीत. बसून राहिले, आणि मधूनच स्वतःही एक घास खात होते.

निघताना ते म्हणाले, "तुमच्या जाऊबाईंना हे तुम्ही सांगा. तुम्ही सांगितले नाही तर मला येऊन सांगावे लागेल."

संध्याकाळी सगळे जत्रेहून परतले. आई चणे-खाज्यांच्या पुड्या सोडत होती, कोण भेटलं, गर्दी किती होती ते सांगत होती. काकी तिच्यासमोर जाऊन बसली आणि भांड्यांचा हिशेब सांगावा तशा आवाजात सगळं सांगितलं. फळ, चटणी, माझे चार घास, फादर. आईच्या हातातली पुडी तशीच राहिली. तिने मला ओढून जवळ घेतलं, माझं तोंड उघडून पाहिलं, पाठीवरून हात फिरवला.

"पण का?" तिने विचारलं. "असं काय झालं होतं तुला?"

"तुम्ही म्हणालात ना, वहिनी. पाणी उकळलं असतं तर जगली असती म्हणून."

आई तिच्याकडे बघत राहिली. "मी?" ती म्हणाली. "मी कधी म्हणाले?"

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. तिने बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान खाली घातली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दूध उतू गेलं होतं तेव्हा." आणि मला आईचा चेहरा बघवेना, कारण तिला ते हळूहळू आठवत गेलेलं मला दिसत होतं.

माफी वगैरे मागायची आमच्या घरात रीतच नव्हती. आई उठली, चूल पेटवली, आणि पाणी उकळायला ठेवून विसरली; भांडं जळलं. पुढे कित्येक दिवस ती बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची. इतकी तोंडाळ बाई, पण शब्द तोलायला लागली. शेजारणी विचारायच्या, हिला काय झालंय.

फादरनी पुढच्या रविवारी देवळात सांगितलं की बंगल्यातलं फळ खाण्याजोगं आहे, पण शेळ्यांना तिथे जाऊ देऊ नका. ते कसं कळलं, ते सांगितलं नाही. तरी महिनाभर कोणी त्या झाडाकडे फिरकलं नाही. मग पोरं पुढे झाली. साखर घालून खायची.

नाताळला काका आले. त्यांना काय सांगितलं गेलं मला माहीत नाही, पण ते पुन्हा बोटीवर गेले नाहीत. मानखुर्दच्या बाजूला एका कारखान्यात त्यांना काम लागलं आणि काकीला घेऊन ते तिकडे राहायला गेले. तिला पुढे दोन मुलगे झाले. सणासुदीला यायची, हसायची, आमच्या आईशी चुलीपाशी बसून गप्पा मारायची.

ती दोघं मानखुर्दला जायच्या आधी एकदा, वसंतात, मी आईला आणि तिला गावाबाहेरच्या कबरस्तानात पाहिलं. मी शाळेतून येत होते. मुलीच्या छोट्या कबरीवरचं गवत दोघी मिळून उपटत होत्या. आई काहीतरी विचारत होती आणि काकी सांगत होती. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. मुलीला चालताना कुठला पाय आधी टाकायची सवय होती, ते काकी सांगत होती.