मालूताईंचा जुना कॉम्प्युटर

मालूताईंच्या ड्रायव्हिंग क्लासात पहिल्या दिवशी गाडीला हात लावायला मिळत नसे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पिठाच्या गिरणीशेजारी त्यांची एक खोली होती. तिथं कॉम्प्युटरसमोर लाकडी चौकटीवर जुन्या गाडीची सीट बसवलेली, टेबलाला खेळातलं स्टिअरिंग आवळलेलं आणि पायाशी क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. शिकायला आलेल्या बाईला मालूताई त्या सीटवर बसवत आणि म्हणत, "हितं धडकून घे पोटभर. हितं धडकलं तर कुणाचं काय जात न्हाय."

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. ठेंगण्या, साठीच्या पुढच्या, ड्रेसवर पुरुषी बूट घालणाऱ्या. गिरणीच्या आवाजावरून बोलायची सवय, त्यामुळे क्लचबद्दलचं आपलं अज्ञान सगळ्या पेठेला कळे. जुन्या कोल्हापुरी बायकांप्रमाणे त्या स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलत. कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा. रेसिंगच्या खेळांसाठी त्यानं हौसेनं जुळवून घेतलेला. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि मालूताईंनी रेसच्या त्या खेळाला क्लासात नोकरी लावली.

मी त्यांच्याकडे गेले ते गाडी शिकायला नव्हे. लायसन्स होतं, दारात गाडी होती, चार वर्षं चालवतही होते. माझी आई चंदगडजवळच्या एका खेड्यात एकटी राहते. तिच्या डोळ्यांत दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागे, त्यासाठी मी तिला कोल्हापूरला आणत असे. एकदा तिला घेऊन येताना घाटाच्या वळणावर पावसात गाडी घसरली आणि कठड्यावर जाऊन आदळली. आईच्या कपाळाला तीन टाके पडले. त्यानंतर पाऊस दिसला की माझा पाय ब्रेकवर लाकडासारखा ताठ होई. मी जाईना, आणि गुडघे धरलेली आई एसटीनं येईना. दोन इंजेक्शनं चुकली. डॉक्टर म्हणाले, "आता चुकवलं तर गेलेली नजर परत यायची नाही."

हे सगळं ऐकून मालूताईंनी विचारलं, "येत न्हाय म्हणजे किती येत न्हाय?"

मला प्रश्नच कळला नाही.

"क्लच येतो?"

"येतो."

"गिअर? चढाला गाडी उचलायला?"

"येतं."

"मग पावसातला घाट तेवढा येत न्हाय, असं म्हण की. सगळंच येत न्हाय म्हणून कशाला रडतीस?"

पण त्यांच्या जुन्या खेळात कायम ऊन. मुलानं फोनवर सांगितलं, नवीन एक रेसिंगचा खेळ आलाय, त्यात पाऊस आहे, ओल्या रस्त्यावर गाडी खरीच वाटावी अशी घसरते. मालूताई मला घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं खेळाला किमान काय काय लागतं याची यादी काढली आणि मान हलवली. "मावशी, सात वर्षांचं मशीन हाय तुमचं. ह्याच्यावर न्हाय चालायचा. नवीन घ्या."

"चालत न्हाय म्हणजे किती चालत न्हाय?" मालूताईंनी त्यालाही सोडलं नाही.

तो हसला. मग यादीवर बोट ठेवून नीट सांगू लागला. प्रोसेसर काठावर पास होत होता. ग्राफिक्स कार्ड कमी पडत होतं. रॅम निम्मी होती. आणि खेळ जुन्या हार्ड डिस्कवरून नव्हे, वेगवान एसएसडीवरून चालवायला हवा होता. मालूताईंनी रॅम आणि एसएसडी घेतली. कार्डाची किंमत ऐकून मात्र हात जोडले. "त्येचं मी बघतो," म्हणाल्या.

त्या दिवशी खेळ सुरू झाला खरा, पण पडद्यावरची गाडी उचकी लागल्यासारखी चालली. स्टिअरिंग आत्ता फिरवावं आणि गाडीनं सावकाश विचार करून वळावं. पाच मिनिटांत कॉम्प्युटर तापून बंदच पडला. मालूताईंनी त्याचं झाकण उघडलं तर पंख्यावर पिठाचा थर. गिरणीचं सात वर्षांचं पीठ! "भाकरी व्हईल की गं ह्याची," असं म्हणत त्यांनी रंगाच्या ब्रशनं एकेक पातं साफ केलं. प्रोसेसर थंड ठेवणारी, सुकून खडी झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. मग चष्मा सारून सेटिंग उघडलं आणि एकेक गोष्ट काढायला सुरुवात केली.

"प्रेक्षक काढ. झाडांच्या सावल्या काढ. ढग कशाला पायजेत? लांबचे डोंगर काढ. चित्र बारीक कर."

"मग राहिलं काय?" मी म्हणाले.

"रस्ता, पाऊस आणि पुढची गाडी. एवढं दिसलं की बास. आन् हे बघ, पळाय नको, थांबाय नको. एकसारखं चाललं पायजे."

संध्याकाळपर्यंत ते मशीन एकसारखं चालू लागलं. दिसायला खेळ पार उघडाबोडका, पण पाऊस होता आणि रस्ता घसरत होता. पहिल्या आठवड्यात मी किती वेळा दरीत गेले याची गणती नाही. प्रत्येक वेळी मालूताई शेजारून ओरडत, "दाबलास ब्रेक! वळणात दाबतात व्हय? आधी हळू हो, मग वळ." हळूहळू माझा पाय मऊ झाला. त्यांनी मला शिकवलं हे खरं, पण माझ्यानंतर "एक फेरी मारून बघतो" म्हणून सीटवर बसत आणि बाहेर दोन बायका ताटकळल्या तरी उठत नसत. स्वतः दरीत गेल्या की दोष कॉम्प्युटरचा.

तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "ह्यात पायाची सवय मोडती. भीती काय मोडत न्हाय, ती रस्त्यावरच मोडायची. उद्या आईला आणाय जाऊया." मी म्हटलं, उद्या पाऊस सांगितलाय. "म्हणून तर उद्या," त्या म्हणाल्या.

घाट सुरू झाला तेव्हा समोरची काच पांढरी झाली होती. मी दुसरा गिअर टाकला. वळणावर समोरून भरलेला ट्रक आला. पण पाय ताठला नाही. वळणाआधीच वेग उतरवला, कडेनं गाडी काढली आणि पुढं गेले. आता काहीतरी ओरडतील म्हणून शेजारी पाहिलं, तर मालूताई तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. कोणी माझ्यावर एवढा विश्वास टाकल्याचं मला आठवत नाही.

आई दारातच उभी होती. गाडीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत तिनं मालूताईंना विचारलं, "एवढ्या पावसात गाडी कुणी आणली?"

"मी तर झोपलोतो," मालूताई म्हणाल्या. "दुसरं कोण हाय गाडीत?"

 आईनं आत जाऊन दवाखान्याची पिशवी आणली, दाराला कुलूप घातलं आणि माझ्या शेजारचं दार धरून उभी राहिली. मालूताई खाली उतरल्या, आईचा हात धरून तिला पुढं बसवलं, पट्टा लावून दिला आणि मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसल्या.