झोक्याला जागा

मेहरूणच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी कडुनिंब होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींसाठी त्याला झोका बांधायचा. दोर शेजारच्या अक्कांचा. वर्षभर त्या तो पत्र्याच्या पेटीत जपायच्या. दुसऱ्या कुणाच्या दोरावर त्यांचा भरवसा नव्हता. सासरी मान वर न करणाऱ्या बाया त्या फांदीखाली गौराईची गाणी म्हणत पोरींसारख्या खिदळायच्या. मी गल्लीतली सून, पण त्या दिवशी मीही त्यातलीच.

घरांच्या योजनेसाठी गल्ली उठवायचं ठरलं तेव्हा आम्ही समिती केली. मागणी सरळ होती. परवडतील अशी घरं द्या, पण इथेच द्या आणि सगळ्यांना एकत्र द्या. शेवटच्या बैठकीत अक्का उभ्या राहिल्या आणि योजनेच्या साहेबांना एवढंच विचारलं, "मन्ही पोर आखाजीले येस. झोका कोठे बांधू?"

साहेब हसले. बागेत पाळणे बसवणार आहोत, म्हणाले. माझं डोकं असं तापलं की बायांनी हात धरून मला खाली बसवलं.

घरं मिळाली. स्वस्तात मिळाली, नाही कशाला म्हणू. आमचे हेलपाटे अगदीच वाया गेले नाहीत. पण मिळाली गावाबाहेर, चिठ्ठ्या टाकून. अक्का चौथ्या मजल्यावर, मी पलीकडच्या इमारतीत, बाकीची गल्ली कुठे कुठे पांगली. बागेच्या जागेवर अजून नुसता मुरूम आहे. कडुनिंब मात्र तोडला नाही. गल्लीच्या जागी आलेल्या नव्या संकुलाच्या भिंतीआड तो उभा आहे. तोडला असता तर एकदाच रडून मोकळ्या झालो असतो.

नव्या घरातल्या पहिल्या आखाजीला पुरणपोळी घेऊन अक्कांकडे गेले. त्या फोनवर होत्या. लेक अमळनेरच्या स्टँडवर उभी राहून नव्या घराचा पत्ता विचारत होती.

"औंदा नको येऊ, माय," अक्का म्हणाल्या. "आठे झोका नही शे."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, ती काय म्हणाली? झोका नको, तुलाच भेटायचं आहे, असं म्हणाली, अक्कांनी सांगितलं. मग येऊ द्या की तिला, मी म्हटलं.

गॅलरीत तोच दोर आडवा बांधला होता. त्यावर लेकीसाठी धुतलेली गोधडी वाळत होती. मी ती काढून घडी करून दिली. अक्कांनी ती कपाटात सगळ्यात खाली ठेवली.