डोंगरावर ‘जा’ म्हणायचं नाही

बातमी आली तेव्हा मी लोकांना हसवत होतो. जानेवारीतला शनिवार, जर्मनीतल्या एश्बॉर्नचं आमचं ऑफिस. नवी सिस्टिम त्याच वीकएंडला सुरू होणार म्हणून आम्ही आठ जण कोंडलेले. एका हातात पिझ्झाचा तुकडा घेऊन मी आमच्या साहेबांची नक्कल करत होतो, आणि फार छान जमली होती हो. तेवढ्यात मोबाइल वाजला. लुडविग्सहाफेनहून सुजातावहिनी. म्हणाल्या, “भाऊजी... हे गेले.” आणि मी, साहेबांच्याच चढ्या आवाजात, म्हणालो, “माहीत आहे वहिनी! मला विचारूनच गेलेत!”

मग त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी सगळं.

अरुण मेश्राम. माझा मित्र, नागपूरचा, लुडविग्सहाफेनला केमिस्ट. वय सेहेचाळीस. युरोची नाणी नवी होती त्या हिवाळ्यात एका मराठी घरच्या जेवणावळीत आमची गाठ पडली. मी नेहमीप्रमाणे खोलीच्या मध्यभागी उभा. नुकताच स्नोशूइंग करून आलो होतो, म्हणजे पायांना टेनिसच्या रॅकेटींसारख्या चौकटी बांधून बर्फाच्या डोंगरावर चालून आलो होतो, आणि ते चालणं मी हिमालयाच्या मोहिमेसारखं सांगत होतो. बायका “अय्या” म्हणत होत्या. कोपऱ्यातून वरणभात कालवत एका काळ्यासावळ्या, बुटक्या माणसानं विचारलं, “उतार किती होता?” मी म्हणालो, “कसला उतार?” तो म्हणाला, “म्हणजे मोजला नाही. मग जिवंत काहून आहेस बे?” खोली माझ्यावर हसली. आयुष्यात पहिल्यांदाच मी दुसऱ्याच्या वाक्यानं तोंडावर पडलो होतो. त्या माणसाला सोडायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं.

पुढची चार वर्षं मी त्याच्या मागून चाललो. ऑलगॉयच्या डोंगरांत जायचं ठरलं की गुरुवारी संध्याकाळी त्याच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा. हिमस्खलनाच्या धोक्याचं पत्रक तो इंटरनेटवरून छापून आणायचा आणि, वहिनींच्या भाषेत, पोथीसारखं वाचायचा. वारा कुठल्या बाजूनं, नवा बर्फ किती, उत्तरेकडे काय. मग लाल पेन्सिल घेऊन तीस अंशांच्या वरचे सगळे उतार रंगवायचा, आणि त्या उतारांच्या पायथ्याच्या जागाही, कारण वरचा बर्फ शेवटी खालीच येतो. “रस्ता निवडणं म्हणजे काय पुणेकर, तर जिथं जायचं नाही ते आधी ठरवणं. उरेल तो रस्ता.” मी कपाळाला हात लावायचो. “मेश्राम, उरतात ती नुसती झाडं! झाडं बघायला मी जर्मनीत कशाला येऊ? मला दृश्य पाहिजे. दरी, शिखरं, मागे सूर्य!” त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर : “तू फोटोत बरा दिसशील. फ्रेमला हार कोण घालेल?”

नकाशावर त्याचं समाधान व्हायचं नाही. शंका आली की बाजूच्या लहानशा चढावर आपल्या दोन काठ्यांनी उतार मोजायचा. एक काठी उताराच्या दिशेनं बर्फावर निजवायची, तिचा ठसा उमटतो. मग वरचं टोक तिथंच ठेवून खालचं टोक उचलायचं आणि त्याला दुसरी काठी ओळंब्यासारखी लटकवायची. लटकणारं टोक ठशाच्या खाली टेकलं की तिशी ओलांडली, मागे फिरा. एकदा तीन तास चालून शिखर अगदी हाताशी आलेलं असताना त्याची काठी चार बोटं खाली टेकली. मी मराठीत, हिंदीत आणि जर्मनमध्ये मिळून एक भाषण केलं. तो ऐकत उभा राहिला, संपल्यावर टाळ्या वाजवल्या, आणि आम्ही मागे फिरलो.

आणि त्याचा एक नियम होता, तो माझ्यामुळेच झालेला. आमची पहिलीच सहल, दाट धुकं, माझ्या बुटाचा पट्टा अडकलेला. पुढून त्यानं विचारलं, “थांबू का?” जर्मनीत राहून आमच्या सगळ्यांच्या जिभेला जर्मन ‘हो’ लागलेलं असतं; उच्चार ‘या’, पण लिहितात ja, म्हणून थट्टेथट्टेत आमच्या तोंडी ‘जा’च बसलेलं. मी ओरडलो, “जा, जा!” तो गेला. अर्धा तास मी त्या पांढऱ्या शून्यात सगळ्या देवांची नावं घेत चाललो. शेवटी एका झाडाखाली तो चहा पिताना सापडला. “अरे, मी जर्मन जा म्हणालो होतो!” “म्हणून तर गेलो.” त्या दिवसापासून ठरलं, डोंगरावर ‘जा’ म्हणायचं नाही. प्रत्येक चढापाशी तो वळून विचारणार, “जायचं?” आणि प्रत्येकानं चोख मराठीत सांगायचं, “हो, जायचं,” किंवा “नाही.” एकाचाही नकार आला की सगळे परत. त्यात त्याचं स्वतःचं मत फक्त एक.

यंदा मुलांना न्यायचं होतं. त्याची मैत्रेयी, माझे दोघं, आणखी दोन घरं. रस्ता अर्थातच तो निवडणार होता, आणि तो जंगलातूनच निवडला होता. मीच त्याच्या मागे लागलो. मधे एका ठिकाणी झाडं संपतात, तिथं कडेला उभं राहिलं की सगळी दरी दिसते. “मुलांना एक तरी दृश्य दे रे, मेश्राम!” आठवडाभर मी फोनवर त्याचं डोकं खाल्लं. शुक्रवारी दुपारी त्याचा फोन आला. मी मीटिंगमध्ये, एका कानाला ऑफिसचा फोन, दुसऱ्याला मोबाइल. तो म्हणाला, “तुझी ती जागा उद्या बघून येतो. नकाशावर उतार कळत नाही. तू येत नाहीस, तर एकटाच जातो. पत्रकात पाचपैकी तीन नंबरचा धोका आहे, पण मी जंगल सोडणार नाही, कडेवरून फक्त मोजतो. जायचं का? बोल.” दुसऱ्या कानात कुणीतरी सर्व्हरबद्दल विचारत होतं. मी म्हणालो, “जा, जा... गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर.

मी कोणाला म्हणालो? सहा आठवडे झाले, मी ते वाक्य सगळ्या आवाजांत म्हणून पाहिलंय. सर्व्हरवाल्याला म्हणालो, असं शपथेवर सांगता येत नाही. मेश्रामला म्हणालो असेन, तर ते जर्मन होतं की मराठी, हेही सांगता येत नाही. नक्कल करून भाव खाणाऱ्या माणसाला स्वतःचाच आवाज ओळखता येऊ नये...

तिथल्या बचाव पथकानं वहिनींना सांगितलं ते एवढंच. शेवटच्या झाडांच्या बाहेर, दहा पावलांवर, बर्फात काठीचा एक स्वच्छ ठसा होता. त्याच्याखालून बर्फाची लादी सुटली. फार मोठी नाही, एखाद्या मैदानाएवढीही नाही. खाली घळ होती, तिथं सगळा बर्फ साठला. खिशातल्या नकाशावर जंगलातला रस्ता शाईनं पक्का केलेला होता आणि माझ्या जागेपाशी प्रश्नचिन्ह होतं.

अंत्यविधीला पांढऱ्या कपड्यांत सगळे आले. त्रिशरण, पंचशील झालं. मला चार शब्द बोलायला सांगितलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच मला बोलता आलं नाही. लोकांना ते दुःख वाटलं. ती भीती होती. मी काय म्हणालो ते वहिनींना माहीत नव्हतं, आणि त्या मला भाऊजी म्हणत होत्या.

तिसऱ्या आठवड्यात मी लुडविग्सहाफेनला गेलो. त्याच टेबलापाशी बसून सगळं सांगितलं, मीटिंग, सर्व्हर, जा. वहिनी मेथी निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, “मी इथंच होते तेव्हा. फोन ठेवून हे हसले. म्हणाले, पुणेकर जा म्हणाला! चार वर्षं शिकवून राहिलो, तरी जा! मी म्हटलं, मग पुन्हा लावा, नीट विचारा. तर म्हणाले, ट्रेन चुकेल. आल्यावर पकडतो त्याला.”

म्हणजे त्यालाही कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं... मी विचारलं, “वहिनी, मी नाही म्हणालो असतो तर?” त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. “तर गेले नसते,” त्या म्हणाल्या. खोटं बोलून मला बरं वाटू देणाऱ्या त्या नव्हेत. मग त्या उठल्या आणि पॅसेजमधून त्याच्या दोन्ही काठ्या घेऊन आल्या. “या तुम्ही न्या. आणि मुलांना घेऊन जा कुठंतरी. मैत्रेयीलाही. तिच्या मनात बर्फाची भीती बसायला नको.”

गेल्या रविवारी आमच्या घराजवळच्या टाउनुसच्या जंगलात आम्ही गेलो. टेकड्याच त्या. तरी गुरुवारी मी नकाशा पसरला आणि लाल पेन्सिल घेतली. रंगवायला फारसं काही सापडलं नाही. पायवाटेच्या तोंडाशी मुलं रांगेत उभी राहिली, दहा वर्षांची मैत्रेयी सर्वांत पुढे, बापाच्या काठ्या तिला खांद्यापर्यंत येत होत्या. मी विचारलं, “जायचं?” तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते, आणि ‘हो’ला शब्द आम्हा मोठ्यांचाच. ती म्हणाली, “जा.”

मला पाऊल उचलता येईना. मागे मुलं चुळबुळ करू लागली. माझा धाकटा म्हणाला, “बाबा?” मैत्रेयीनं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या काठ्यांकडे, आणि अडखळत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, “हो, काका. हो म्हटलं. जायचं.”

आम्ही दोन तास चाललो. नुसती झाडं. दृश्य म्हणून एकही नाही.