पाठीवरची चिठ्ठी

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकीचा रंग कुणीही मारतो, डोळे नाय. श्वास धरायचा, एक डोळा काढायचा, श्वास सोडायचा, पुन्हा धरायचा आणि दुसरा काढायचा. या कामात माझा हात कधी हलला नाय. हे आत्ताच सांगून घेतो, कारण पुढे फुशारकी मारण्यासारखं काही घडत नाय.

नव्वदीचं दशक सरत आलं, माझी साठी जवळ आली आणि मला एका डोळ्यानंतर उठावं लागायला लागलं. मागच्या मोरीत जाऊन पाच मिनिटं उभा राहायचो, दोन थेंब व्हायचे, परत यायचो. एकदा बायको डबा घेऊन आली तर सात गणपती एकेका डोळ्याने तिच्याकडे बघतायत आणि मी जागेवर नाय. तिने डबा ठेवला आणि भावाला निरोप धाडला. चौथ्या दिवशी रोह्याहून तिचा भाऊ दारात हजर.

हा माझा मेहुणा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला. कंपनीत दरवर्षी सगळ्यांचं रक्त तपासत, त्यामुळे आपण अर्धे डॉक्टर आहोत असा त्याचा समज. त्याने मला रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या एका दवाखान्यात नेलं. रक्त मुंबईला गेलं, आकडा आला. तीन महिन्यांनी पुन्हा बघितलं, तर वाढलेला. आणखी तीन महिन्यांनी, आणखी वाढलेला. प्रोस्टेट नावाची ग्रंथी आपल्या अंगात आहे हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, आणि कळलं तेव्हा ती रागावलेली होती.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. वयानेही वाढतो. पण हा सारखाच वाढतोय. एक तर अजून थोडं थांबून रक्त बघू, नाहीतर सुईने बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवू. माझं मत तुकड्याचं आहे. ठरवायचं तुम्ही."

"सुई कुठून घालनार?" मेहुण्याने विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं. मेहुणा खिडकीबाहेर बघायला लागला.

मी म्हटलं, "गणपती झाले की करू." डॉक्टर घाटावरचे. त्यांनी कॅलेंडर बघितलं, भाद्रपद दोन महिन्यांवर आलेला, मान हलवली आणि तसं कागदावर लिहून टाकलं. बायको शेजारी बसून सगळं ऐकत होती.

एसटी नागोठण्याला थांबली तेव्हा तिने तोंड उघडलं. "कुठले गणपती?"

"कुठले म्हणजे? भाद्रपदातले."

"ते गेले की देवीचं काम. देवी गेल्या की माघी गणपती. मग परदेशच्या ऑर्डरी, आणि तोवर पुढच्या भाद्रपदाची माती कालवून तयार. पेणला गणपती होतात कधी? आपल्या पोरीचं लग्न याच बोलीवर तीन वर्षं रखडवलंत. डॉक्टर भायेरचे, त्यांना काय ठाव? मला नका शिकवू."

मी चिडलो. पेण येईपर्यंत तिच्याकडे बघितलं नाय. पण चिडलो ते ती बरोबर बोलली म्हणून. मी घाबरलो होतो. मरणाला घाबरलो, नाय कशाला म्हणू? पण त्याहून भीती ही की एकदा का तुकड्यात काही निघालं, की हात हलायला लागेल. हात हलला की डोळा बिघडला, आणि डोळेच काढता आले नाय तर कारखान्यात मी बसायचं कशाला? न कळलेलं बरं, असं मी ठरवून टाकलं होतं.

आठ दिवस घरात मिठाला मीठ म्हणण्यापुरतं बोलणं. नवव्या दिवशी कारखान्यात बसलो होतो. बुकिंगचे दिवस. आमच्याकडे गिऱ्हाईक मूर्ती पसंत करतं, की आम्ही तिच्या पाठीला चिठ्ठी डकवतो: नाव, गाव, न्यायचा दिवस. चिठ्ठी लागली की मालकही ती मूर्ती अडवत नाय, दिलेल्या दिवशी ती दाराबाहेर जाते. आणि दारावर पाटी, गेलेली मूर्ती परत घेतली जाणार नाय.

मिठागराकडची एक म्हातारी मूर्ती बघता बघता माझ्या मागे येऊन थांबली. तिने बरोबर आलेल्या सुनेला विचारलं, "यांच्या पाठीव काय लिवलंय गो?"

सून वाचायला लागली आणि हसत सुटली. मालक उठून आला, त्याने माझ्या शर्टावरून खळीने डकवलेली चिठ्ठी सोडवली आणि कारखान्यात ऐकू जाईल अशी वाचली. माझं नाव. गाव रोहा. न्यायचा दिवस बुधवार, सकाळ.

"चिठ्ठी लागली," मालक म्हणाला. "बुधवारी माल जायला पायजे." मग खालची ओळ त्याने मनातच वाचली आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली. बायकोचं चौथीपर्यंतचं अक्षर, तिरकं, शिसपेन्सिलीचं.

'परत आणायची आहे.'

इतक्या वर्षांत त्या दारातून किती मूर्ती गेल्या. परत आणायची, असं एकीच्याही पाठीवर कुणी लिहिलं नव्हतं. मला रडू आलं, ते रंगाच्या वासावर ढकललं. पुढ्यातल्या गणपतीचे दोन्ही डोळे मध्ये न उठता काढले, आणि घरी गेलो.

"बुधवारी कितीची गाडी?" मी विचारलं.

"सातची," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "येतानाची पण इचारून ठेवलीय."