पश्मिन्यातला बर्फ

झेलमकाठच्या एका आळीत मुख्ती राहायची. विधवा बाई, पश्मिना कातून पोट भरायची. सूत इतकं बारीक की डोळ्याला दिसू नये, बोटालाच कळावं. पण तिच्या आईचा चरखा मात्र समोरच्या घरात, भावजयीकडे, शाहमालकडे. आई गेली, चाळिसावा दिवस झाला, तशी मुख्ती म्हणाली, "चरखा माझा." शाहमाल म्हणाली, "घरचा आहे, घरात राहील." झालं. सात हिवाळे दोघींचं बोलणं बंद. भाऊ बिचारा दोन्हीकडे मान डोलवायचा.

त्या साली पहिला बर्फ पडला. आमच्यात पहिल्या बर्फाची पैज असते, बरं का. कशात तरी बर्फ लपवून समोरच्याच्या हातात द्यायचा. नकळत घेतला तर तो हरला, मागाल ते त्यानं द्यायचं. ओळखला तर देणाऱ्याला धरून त्याच्या तोंडाला काजळी फासायची.

मुख्तीनं मूठभर बर्फ पश्मिन्याच्या पुंजक्यात गुंडाळला. शेजारची रहती दारातून ओरडली, "अगं, या वयात काळं तोंड करून घेशील!"

"धुतलं की जातं. चरखा धुवून येतो का?"

शाहमाल निखाऱ्यांची कांगडी फेरनाच्या झग्यात घेऊन, लोकर मऊ व्हावी म्हणून तांदळाच्या पिठात मळत बसली होती. मुख्ती उंबऱ्यावरूनच म्हणाली, "वैनी, ही लोकर बघा जरा. भेसळ वाटते."

सात वर्षांनी पहिला शब्द, तोही खोटा.

शाहमालनं पुंजका घेतला. या हातातून त्या हातात केला. बोटांमधून पाणी चटईवर टपकलं. तरी म्हणाली, "चांगली आहे हो, वन्सं. धागा लांब निघेल." आणि पुंजका टोपलीत ठेवला.

आता खरं तर मुख्तीनं ओरडायचं. पण ती चटईवरच्या ओल्या डागाकडे बघू लागली. डोळे मिटून मूठभर लोकरीतला एक जाडा केस शोधणारी बाई, तिला बर्फ कळला नाही होय?

"हरलात, वैनी," ती हळूच म्हणाली.

"अगंबाई! फसवलंत की. मागा."

"चरखा."

शाहमाल माळ्यावर गेली, चरखा घेऊन आली. चाकाची माळ नवी, चातीला ताजं तेल.

"यावर कातत होतात?"

"छे! माझा हात जड, सासूबाईच म्हणायच्या. नुसतं तेल घालत होते. गंजला असता तर तुम्ही गप्प बसला असता होय? बसा आता. मिठाचा चहा आहे, की त्यालाही पैज लावू?"

मुख्ती बसली. दोन पेले प्यायली, चरखा काखेत मारून घरी गेली.

पुढच्या साली पहिला बर्फ पडला आणि शाहमाल लोकर घेऊन मुख्तीच्या दारात. लोकर ओलीचिंब. मुख्तीनं दोन्ही हातांनी घेतली. चरखा समोर गेला. त्याच्या पुढच्या साली परत आला.

आळीतले लोक म्हणायचे, या दोघी किती भोळ्या, दरवर्षी फसतात.